न्यूरोसायकॉलॉजीचा पहिला पेपर कसा अभ्यासायचा

टीवायला किंवा एमएच्या पहिल्या वर्षाला न्यूरोसायकॉलॉजी, म्हणजे मेंदू आणि वागणं यांचा संबंध शोधणारा विषय, लागली की बहुतेक जण आधी एक मोठा तक्ता बनवतात, डावीकडे मेंदूचे भाग, उजवीकडे त्यांची कामं, फ्रंटल म्हणजे प्लॅनिंग, टेम्पोरल म्हणजे ऐकणं आणि मेमरी, ऑक्सिपिटल म्हणजे बघणं, आणि मग तो तक्ता पाठ करत बसतात. पास व्हायला कधीकधी तेवढं पुरतंही. पण विषय कळत नाही, कारण हा विषय तक्त्यावर उभाच नाहीये, तो पेशंटवर उभा आहे. गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत ज्या लोकांच्या मेंदूला इजा झाली आणि ज्यांना कुणीतरी नीट बसवून, वेळ देऊन तपासलं, त्यांच्याकडून आपल्याला हे सगळं कळलंय. म्हणून माझं सांगणं असं आहे की प्रत्येक पेशंटबद्दल वाचताना त्याचं काय गेलं हे जितक्या लक्षपूर्वक वाचता तितकंच, खरं तर थोडं जास्तच, त्याचं काय शिल्लक राहिलं ते वाचा. खालचं सगळं त्याच दिशेने आहे.

आधी अॅनाटॉमी, कारण ती टाळता येत नाही. पण दोन आठवड्यांपेक्षा जास्त देऊ नका, आणि पुस्तकातली चित्रं बघून नाही तर स्वतः पेन्सिलने काढून शिका, चित्रकला येत नसली तरी काही बिघडत नाही. मेंदू बाजूने काढा, मधोमध कापल्यावर आतून कसा दिसतो ते काढा, आणि खालून काढा. बाजूच्या चित्रात दोन खाचा पक्क्या करा, सेंट्रल सल्कस आणि सिल्व्हियन फिशर, या दोन सापडल्या की चारही लोब आपोआप जागेवर येतात. सेंट्रल सल्कसच्या पुढची पट्टी हालचालींची, मागची स्पर्शाची. आतल्या चित्रात कॉर्पस कॅलोसम, म्हणजे दोन अर्धगोलांना जोडणारा तंतूंचा पूल, आणि थॅलॅमस, आणि टेम्पोरल लोबच्या आत दडलेले हिप्पोकॅम्पस आणि अमिग्डाला. बेसल गँग्लियासाठी एक वेगळं आडवं छेदाचं चित्र लागेल. ब्रॉडमनने १९०९ साली मेंदूच्या पृष्ठभागावरच्या भागांना दिलेले नंबर सगळे पाठ करू नका, १७ म्हणजे प्रायमरी व्हिज्युअल, ४ म्हणजे प्रायमरी मोटर, ४४ आणि ४५ म्हणजे ब्रोकाचा, बोलण्याशी जोडलेला भाग, सुरुवातीला एवढ्यावर काम चालतं, बाकीचे वाचता वाचता डोक्यात बसतात.

आता एक गोष्ट जी सायकॉलॉजीवाले हमखास सोडून देतात आणि मग वर्षभर अडखळतात, ती म्हणजे रक्तवाहिन्या. स्ट्रोक आपल्या तक्त्यातले चौकोन बघून येत नाही, तो रक्तवाहिनी बघून येतो. डाव्या बाजूची मिडल सेरेब्रल आर्टरी तुंबली तर भाषेचा भागही उपाशी राहतो आणि चेहऱ्याची न् हाताची हालचाल करणारा भागही, म्हणूनच बोलता न येणाऱ्या पेशंटचा उजवा हात बऱ्याचदा लुळा असतो. याचा अर्थ बोलणं आणि हात हलवणं हे एकच काम आहे असा होत नाही, दोन्ही शेजारी शेजारी एकाच नळावर आहेत एवढंच. अँटिरियर सेरेब्रल आर्टरी गेली तर पाय जास्त अशक्त होतो, कारण मोटर पट्टीवर पायाची जागा दोन अर्धगोलांच्या मधल्या भिंतीवर येते आणि तिथे रक्त ही आर्टरी पोचवते. पोस्टिरियर गेली तर नजरेचा प्रांत जातो. तुमच्या तिन्ही चित्रांवर या तीन आर्टरींचे प्रदेश तीन रंगांनी रंगवा. एक संध्याकाळ जाईल, पण पुढे निम्मी सिंड्रोम्स पाठ करायची गरजच उरणार नाही, चित्र बघून तुम्हीच सांगाल काय काय एकत्र जाईल.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण म्हणजे देजेरीन या फ्रेंच न्यूरॉलॉजिस्टचा १८९२ चा पेशंट. पॅरिसमधला सुशिक्षित माणूस, एक दिवस त्याला वाचता येईना. बोलणं ठीक, ऐकून समजणं ठीक, आणि लिहिणंही ठीक! स्वतः लिहिलेलं वाक्य मात्र थोड्या वेळाने त्याच्यापुढे धरलं तर वाचता येत नव्हतं. पहिल्यांदा वाचताना हे अशक्य वाटतं. आता रंगवलेलं चित्र काढा. डावी पोस्टिरियर आर्टरी गेली, म्हणजे डावा व्हिज्युअल कॉर्टेक्स गेला, उजव्या बाजूचं दिसणं बंद. डाव्या बाजूचं दिसतंय, पण ते उजव्या अर्धगोलात जातंय, आणि तिथून डावीकडच्या भाषेच्या भागात यायला जो पूल लागतो, कॉर्पस कॅलोसमचं मागचं टोक, तोही त्याच प्रदेशात इजा झाल्यामुळे तुटलाय. अक्षरं दिसतात पण भाषेपर्यंत पोचत नाहीत. लिहिण्याचा रस्ता मात्र भाषेच्या भागातून थेट हाताकडे जातो, त्याला कुणी हात लावलेला नाही. काय गेलं एवढंच बघितलं असतं तर 'वाचन केंद्र बिघडलं' असं लिहून आपण मोकळे झालो असतो, लिहिणं शिल्लक आहे हे कळलं म्हणून तर रस्ता सापडला.

नजरेचं निघालंच आहे तर तेही इथेच पक्कं करून टाका, कारण इथे जवळजवळ सगळे घोळ घालतात. डावा डोळा उजव्या मेंदूकडे जातो असं नाहीये. दोन्ही डोळ्यांना दिसणारी डावी बाजू उजव्या मेंदूकडे जाते. प्रत्येक डोळ्यातल्या नाकाकडच्या अर्ध्या तंतूंची ऑप्टिक कायॅझमपाशी अदलाबदल होते, बाहेरच्या बाजूचे सरळ जातात. दोन रंगांनी हे काढा आणि मग तीन ठिकाणी कात्री मारा. कायॅझमच्या आधी कापलं तर एक डोळा आंधळा. बरोबर कायॅझमवर, जसं पिट्युटरीची गाठ वाढून दाब येतो तेव्हा, दोन्ही डोळ्यांना बाहेरच्या बाजूचं दिसणं जातं. कायॅझमच्या मागे कापलं तर दोन्ही डोळ्यांना समोरच्या जगाची एकच बाजू दिसेनाशी होते, त्याला हेमियानोपिया म्हणतात. हे चित्र हातात असलं की स्प्लिट ब्रेनचे प्रयोग एका वाचनात कळतात. कॉर्पस कॅलोसम कापलेल्या पेशंटला नजर मधल्या ठिपक्यावर ठेवायला सांगून डावीकडे क्षणभर चमच्याचं चित्र दाखवलं, तर तो म्हणतो काही दिसलं नाही, आणि डावा हात पडद्याखाली चाचपडत नेमका चमचा उचलतो. चित्र उजव्या मेंदूत गेलं, डावा हात उजव्या मेंदूच्या ताब्यात, बोलणं डावीकडे आणि पूल नाही. रॉजर स्पेरीला याच कामासाठी १९८१ चं नोबेल मिळालं. यावरून बाजारात 'तुम्ही लेफ्ट ब्रेन आहात की राइट ब्रेन' छापाचं जे काही चालतं त्याचा या प्रयोगांशी संबंध नाही, ते वहीत येऊ देऊ नका.

आता मुख्य भाग, केस कशी वाचायची. प्रत्येक पेशंटला वहीची दोन पानं द्या. पहिल्यावर लिहा, इजा कशाने झाली, किती वर्षांचा असताना, किती काळाने तपासलं, आणि मेंदूचा नेमका कुठला भाग, शिवाय तो भाग कसा कळला, ऑपरेशनमधून, स्कॅनमधून की मेल्यानंतर मेंदू उघडून. दुसऱ्या पानावर मधे उभी रेघ मारा, डावीकडे काय गेलं, उजवीकडे काय शिल्लक, आणि दोन्हीकडे प्रत्येक गोष्टीपुढे ती कुठल्या टेस्टने कळली ते. 'मेमरी गेली' असं वहीत कधीच लिहायचं नाही, 'अमुक टेस्टमध्ये अमुक जमलं नाही' असं लिहायचं. सुरुवातीला फार किचकट वाटेल, पण पाच-सहा केसेस अशा केल्या की वाचायची नजरच बदलते.

एच. एम. करून बघू. हेन्री मोलेसन, जन्म १९२६, एपिलेप्सी इतकी की नोकरी करणं मुश्कील. १९५३ साली अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये विल्यम स्कोव्हिल या सर्जनने दोन्ही बाजूंच्या टेम्पोरल लोबचा आतला भाग काढला, तेव्हा तो २७ वर्षांचा होता. फिट्स बऱ्याच कमी झाल्या. पण त्यानंतर भेटलेली माणसं, घडलेल्या घटना, काहीच टिकेना. स्कोव्हिल आणि ब्रेंडा मिल्नर यांचा पेपर १९५७ चा आहे. डावीकडे लिहा, नवीन घटना आणि नवीन माहिती लक्षात राहत नाही, ऑपरेशनच्या आधीच्या काही वर्षांचंही पुसट झालंय. इथे बहुतेकांची वही थांबते. आता उजवी बाजू भरा. बुद्ध्यांक चांगला, ऑपरेशनच्या आधी १०४ आणि नंतर ११२. बोलणं व्यवस्थित. आकडे ऐकून लगेच परत म्हणणं, म्हणजे डिजिट स्पॅन, नॉर्मलच्या आसपास. लहानपणच्या आठवणी आहेत. आणि १९६२ मध्ये मिल्नरने छापलेला तो आरशातला प्रयोग, आरशात बघून चांदणीच्या दोन रेघांमधून पेन्सिल न्यायची, तीन दिवसांत त्याचा हात सुधारत गेला, आणि तिसऱ्या दिवशीही त्याला आपण हे कधी केलंय हे आठवत नव्हतं.

वहीच्या या उजव्या बाजूनेच मेमरीचे भाग पाडले. आकडे लगेच म्हणता येतात म्हणजे थोड्या वेळाची साठवण वेगळी. हात शिकतो म्हणजे कौशल्याची मेमरी वेगळी. लहानपणचं आहे म्हणजे आठवणी कायमच्या त्या काढलेल्या भागातच राहतात असं दिसत नाही. तो भाग नवीन आठवण पक्की करायला लागतो. हे सगळं एका माणसाच्या शिल्लक राहिलेल्या गोष्टींमधून आलंय. आणि हो, पहिल्या पानावर एक दुरुस्ती लिहून ठेवा, स्कोव्हिलला वाटलं होतं आपण साधारण ८ सेंटिमीटर आत गेलो, १९९७ साली एमआरआय छापून आला तेव्हा ते ५ च्या आसपास निघालं आणि हिप्पोकॅम्पसचा मागचा काही भाग शिल्लक होता. भाग कसा कळला हे लिहायला सांगतो ते यासाठीच. २००८ मध्ये तो गेला, तेव्हाच जगाला त्याचं खरं नाव कळलं, तोपर्यंत पन्नासेक वर्षं फक्त दोन अक्षरं. त्याने एवढी वर्षं दिलेल्या वेळाचं ऋण या विषयावर आहे आणि केस वाचताना ते मनात ठेवावं असं मला मनापासून वाटतं, वहीतली नोंद असली तरी ते कुणाचं तरी आयुष्य होतं.

आता शंका घ्यायला शिका. एच. एम. ला आकडे म्हणता आले आणि नवीन आठवणी जमल्या नाहीत, पण कदाचित आकडे म्हणणं हे मुळात सोपं काम असेल आणि खराब झालेल्या मेंदूला सोपी कामं जमतात, अवघड जमत नाहीत, एवढंच असेल तर? तर मग दोन वेगळ्या व्यवस्था आहेत असं म्हणता येत नाही. याचं उत्तर द्यायला उलटा पेशंट लागतो. तो मिळाला, के. एफ., शॅलिस आणि वॉरिंग्टन यांनी १९७० मध्ये त्याच्याबद्दल लिहिलं. डाव्या मेंदूच्या मागच्या, परायटलच्या बाजूला इजा, ऐकलेले आकडे दोनाच्या पुढे जेमतेम, पण नवीन गोष्टी दीर्घकाळासाठी शिकणं ठीक. आता सोपं-अवघडचा मुद्दा गळून पडला. याला डबल डिसोसिएशन म्हणतात, टॉयबरने १९५५ मध्ये हे नाव रुजवलं, आणि परीक्षेत याची व्याख्या विचारतात तेव्हा नुसती व्याख्या न लिहिता हे दोघं शेजारी शेजारी मांडा, तपासणारा खूश होतो कारण तुम्हाला कळलंय हे दिसतं.

दुसरी शंका, भाग गेला आणि काम बंद पडलं म्हणून ते काम त्या भागातच होत होतं का? रस्त्यावरचा डीपी उडाला आणि घरातला पंखा बंद पडला तर वारा डीपीत तयार होत होता असं आपण म्हणत नाही. इजा झालेला भाग त्या कामासाठी लागतो, इथपर्यंतच म्हणता येतं. शिवाय दूरचे भागही काही काळ सुस्त होतात, त्यांना येणारा निरोप बंद झाल्यामुळे, याला डायास्किसिस म्हणतात, म्हणून स्ट्रोकनंतर आठवड्याने तपासलेला पेशंट आणि वर्षाने तपासलेला तोच पेशंट वेगळे दिसतात. इजेपासून किती काळाने तपासलं हा रकाना रिकामा ठेवू नका.

अफेजियाचा, म्हणजे मेंदूच्या इजेने भाषा बिघडण्याचा, धडा मुलांना सगळ्यात भीतीदायक वाटतो कारण आठ प्रकार असतात. खरं तर तीन प्रश्न आहेत. बोलणं ओघवतं आहे का, ऐकून समजतं का, आणि ऐकलेलं वाक्य तसंच परत म्हणता येतं का. तीन प्रश्न, प्रत्येकाचं हो किंवा नाही, म्हणजे आठ उत्तरं, झाले आठ प्रकार. ओघ नाही, समजतं, परत म्हणता येत नाही, ब्रोका. ओघ आहे, समजत नाही, परत म्हणता येत नाही, वेर्निके. ओघ आहे, समजतं, फक्त परत म्हणता येत नाही, कंडक्शन. ब्रोकासारखाच पण परत म्हणता येतं, तर ट्रान्सकॉर्टिकल मोटर, वेर्निकेसारखाच पण परत म्हणता येतं, तर ट्रान्सकॉर्टिकल सेन्सरी. तिन्ही नाही तर ग्लोबल, फक्त परत म्हणणं शिल्लक तर मिक्स्ड ट्रान्सकॉर्टिकल, तिन्ही बऱ्यापैकी ठीक आणि फक्त शब्द सापडत नाहीत तर अनॉमिक. वॉर्डातले खरे पेशंट या आठ खणांत इतके नीट बसत नाहीत, बरेच जण मधेच कुठेतरी असतात, पण प्रश्न विचारायची सवय लागते ती महत्त्वाची.

ब्रोकाचं मूळही एकदा बघून घ्या. १८६१, पॅरिसजवळचं बिसेत्र हॉस्पिटल, लबोर्न नावाचा ५१ वर्षांचा पेशंट, अनेक वर्षं तिथेच, तोंडातून जवळजवळ फक्त 'टॅन' एवढंच निघायचं, पण सांगितलेलं बरंचसं कळायचं. तो गेल्यावर ब्रोकाने मेंदू बघितला, डाव्या फ्रंटलमध्ये खालच्या बाजूला इजा. ब्रोकाने तो मेंदू कापला नाही, जपून ठेवला, त्यामुळे २००७ मध्ये त्याच मेंदूचा एमआरआय करता आला आणि इजा वरून दिसते त्याहून पुष्कळ खोल गेलेली निघाली. म्हणजे नुसता ब्रोकाचा भाग गेला की ब्रोकाचा अफेजिया होतो, हे वाक्य जितक्या सहज लिहिलं जातं तितकं सरळ नाही.

इथे मराठीतून शिकणाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगायचीये. पुस्तकं इंग्लिशवर बेतलेली असतात, त्यात लिहिलेलं असतं की ब्रोकाच्या पेशंटची वाक्यातली छोटी छोटी व्याकरणाची टोकं गळून पडतात. इंग्लिशमध्ये टोक गळलं तरी मागे पूर्ण शब्द उरतो. आपल्याकडे 'मुलाने' मधला 'ने' काढला तर 'मुला' उरतं, आणि क्रियापद तर प्रत्ययाशिवाय उभंच राहत नाही. हिब्रू आणि इटालियनसारख्या भाषांत असं दिसलंय की पेशंट टोक गाळण्यापेक्षा चुकीचं टोक लावतात, 'गेली' च्या जागी 'गेला' या जातीच्या चुका. मराठी बोलणाऱ्या पेशंटचं बोलणं ऐकायला मिळालं तर याच प्रकारच्या चुकांकडे कान ठेवा. वाचनाचंही तसंच, इंग्लिशमध्ये स्पेलिंग एक आणि उच्चार भलताच असे शब्द वाचायला देऊन एका प्रकारचा डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातला बिघाड, पकडतात, देवनागरीत बहुतांश जसं लिहिलं तसं वाचतात, त्यामुळे ती युक्ती इथे फारशी चालत नाही. असाइनमेंटसाठी विषय शोधत असाल तर यात करण्यासारखं पुष्कळ आहे.

उजवा अर्धगोल. इथे नेग्लेक्ट नीट समजून घ्या, बाकीचं नंतर. उजव्या परायटलच्या आसपास स्ट्रोक आला की काही पेशंट डावीकडच्या जगाकडे लक्षच देत नाहीत, ताटातलं डाव्या बाजूचं अन्न तसंच राहतं, दाढी एकाच बाजूची होते, रेघेचा मध्य काढायला सांगितला तर खूण उजवीकडे सरकते. पहिला प्रश्न, हे हेमियानोपिया तर नाही ना? हेमियानोपियावाल्याला एका बाजूचं दिसत नाही हे बहुधा कळतं आणि तो मान वळवून काम चालवतो. नेग्लेक्टवाला मान वळवत नाही, कारण त्याच्या लेखी तिकडे काही राहिलेलंच नाही. याचा पक्का पुरावा बिसियाक आणि लुझाती यांनी १९७८ मध्ये दिला. मिलानमधल्या पेशंटना डोळ्यांसमोर काहीच न ठेवता शहरातला कॅथेड्रलचा चौक आठवायला सांगितला, आधी कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहोत अशी कल्पना करून. त्यांनी उजवीकडच्या इमारती सांगितल्या. मग कल्पनेतच पलीकडे जाऊन कॅथेड्रलच्या बाजूने बघायला सांगितलं. आता मघाशी वगळलेल्या इमारती सांगितल्या आणि मघाशी सांगितलेल्या वगळल्या. आठवण दोन्ही बाजूंची शाबूत होती, नजरेचा तर प्रश्नच नव्हता. हे कळायला तुमच्या गावातला चौक डोळे मिटून दोन्ही टोकांकडून सांगून बघा, प्रत्येक वेळी फक्त उजवी बाजू, पेशंटने नेमकं काय केलं ते तेव्हा उमगतं.

फ्रंटल लोबसाठी सगळे फिनिआस गेजपासून सुरुवात करतात. मी म्हणेन त्याची केस मूळ नोंदी तपासायचा सराव म्हणून वाचा. १३ सप्टेंबर १८४८, अमेरिकेतलं व्हरमाँट, रेल्वेसाठी सुरुंग लावताना साधारण १ मीटर १० सेंटिमीटर लांब आणि ६ किलो वजनाची लोखंडी पहार डाव्या गालाखालून घुसून टाळूतून बाहेर. माणूस जगला, शुद्धीवर होता. डॉक्टर हार्लोने तेव्हाच लिहिलं, पण ते मुख्यतः जखमेबद्दल. स्वभाव बदलल्याचं सविस्तर वर्णन त्यानेच लिहिलं १८६८ मध्ये, म्हणजे गेज जाऊन आठ वर्षं झाल्यावर. मेंदू कुणी बघितलाच नाही, कवटी आहे, हार्वर्डच्या संग्रहालयात, आणि इजा कुठे झाली असेल हे कवटीवरून मांडलेले अंदाज आहेत. मधल्या काळात गेजने चिलीमध्ये कित्येक वर्षं घोडागाडी चालवली, वेळापत्रक, घोडे, प्रवासी सगळं सांभाळून, आणि हे बऱ्याच ठिकाणी येतच नाही. 'तो पूर्ण बिघडला, दारुडा झाला' वगैरे वाचलं की विचारा, हे हार्लोमध्ये आहे का? इथेही परत शिल्लक राहिलेल्या गोष्टीच गाळल्या गेल्यात.

फ्रंटलच्या टेस्ट स्वतः करून बघितल्याशिवाय समजत नाहीत. १९३५ ची स्ट्रूप टेस्ट मराठीत बनवायला पाच मिनिटं लागतात, 'लाल' हिरव्या पेनने लिहा, 'निळा' लाल पेनने, अशा वीस-पंचवीस शब्दांचा कागद करा आणि मित्राला शब्द न वाचता शाईचा रंग भराभर सांगायला लावा. कुठे अडखळतो ते बघा, ते अडखळणं थांबवायला जे लागतं तेच फ्रंटलचं काम. विस्कॉन्सिन कार्ड सॉर्टिंगमध्ये पत्ते कधी रंगाने, कधी आकाराने, कधी संख्येने लावायचे असतात आणि नियम न सांगता बदलतो. मिल्नरने १९६३ मध्ये दाखवलं की फ्रंटलच्या वरच्या-बाहेरच्या भागाला इजा असलेले पेशंट जुन्या नियमालाच चिकटून राहतात, चूक होतेय असं सांगत राहिलं तरी. आणि त्यांचा बुद्ध्यांक चांगला असू शकतो, हे उजव्या रकान्यात लिहायला विसरू नका, कारण घरचे लोक नेमके इथेच गोंधळतात, एवढा हुशार माणूस असा का वागतोय म्हणून.

स्कॅनचा धडा लवकर उरकता येतो. ईईजी, म्हणजे डोक्यावरून टिपलेल्या मेंदूतल्या विजेच्या लहरी, वेळ नेमकी सांगतो, जागा ढोबळ. एफएमआरआय जागा बऱ्यापैकी सांगतो पण तो रक्तातल्या ऑक्सिजनवरून, म्हणून काही सेकंद मागे असतो. आणि एखादा भाग एफएमआरआयवर उजळला म्हणजे तो त्या कामाच्या वेळी कामात होता एवढंच, तो नसता तर काम अडलं असतं का हे पेशंट सांगतो, किंवा टीएमएस सांगतो ज्यात बाहेरून चुंबकाने तो भाग थोडा वेळ विस्कळीत करतात. २००९ मध्ये काही संशोधकांनी मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि गणित सैल ठेवलं तर त्याच्या मेंदूतही ठिपके उजळलेले दिसतात हे दाखवलं, हा प्रयोग वर्गात एकदा सांगितला की आकडेवारीतली दुरुस्ती का लागते ते कुणी विसरत नाही.

टेस्टिंगबद्दल आपल्या इथे जास्त काळजी घ्यावी लागते. स्कोअर कुणाशी ताडून बघताय हा प्रश्न आधी. शाळेत कधी न गेलेल्या आजींना पेन्सिल देऊन रे-ची गुंतागुंतीची आकृती काढायला लावली आणि जमली नाही, तर ती मेंदूची इजा की कधी पेन्सिलच न धरल्याचा परिणाम? म्हणून तर बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाच्या संस्थेने २००४ मध्ये वय आणि शिक्षणाप्रमाणे इथल्या लोकांचे नॉर्म्स, म्हणजे तुलनेचे स्कोअर, असलेली बॅटरी, म्हणजे टेस्टचा संच, काढली, आणि त्याआधी १९९५ मध्ये अशिक्षित ग्रामीण वृद्धांसाठी हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन तयार झाली होती, कारण मूळच्या १९७५ च्या एमएमएसई या छोट्या इंग्लिश टेस्टमध्ये वाक्य लिहा, वाचा अशी कामं होती. पेशंट आधी काय करायचा हेही विचारायचं, रोज हिशेब करणाऱ्या दुकानदाराला साधी वजाबाकी न जमणं आणि आयुष्यात कधी हिशेब न केलेल्या माणसाला न जमणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि एक कळकळीची विनंती, वर्गात शिकलेल्या टेस्ट घरच्यांवर लावून 'तुम्हाला डिमेन्शिया आहे' असं सांगू नका. थकवा, नैराश्य, कमी ऐकू येणं, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, कशानेही स्कोअर पडतो. शंका वाटली तर न्यूरॉलॉजिस्टकडे न्या. प्रत्यक्ष पेशंट तपासून रिपोर्ट द्यायचा तर आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) मान्यताप्राप्त क्लिनिकल ट्रेनिंग आणि रजिस्ट्रेशन लागतं.

वेळ कसा वाटायचा म्हणाल तर पहिले दोन आठवडे चित्रं आणि आर्टरी, तिसऱ्यात नजर आणि स्प्लिट ब्रेन, मग महिनाभर आठवड्याला दोन केसेस वहीच्या पद्धतीने, मेमरी, भाषा, नेग्लेक्ट, फ्रंटल, ओळख न पटणं म्हणजे अग्नोसिया, आणि हातात ताकद असूनही शिकलेल्या हालचाली न जमणं म्हणजे अॅप्रॅक्सिया. स्कॅन आणि टेस्ट शेवटी. मूळ पेपर एकतरी वाचाच, १९५७ चा वाचा, तो लहान आहे आणि भाषा सोपी आहे. नोट्स मराठीत काढल्या तर कळलंय की नाही हे लगेच कळतं, नुसत्या इंग्लिश वाक्यांच्या कॉपीत ते लपून राहतं, तांत्रिक शब्द मात्र तसेच ठेवा, पेपर इंग्लिशमध्ये असेल तर शेवटचे तीन आठवडे उत्तरं इंग्लिशमध्ये लिहायचा सराव करा. आणि बंगळुरूला जाणं झालं तर निम्हान्सचं मेंदूंचं संग्रहालय बघा, जायच्या आधी वेळा विचारून घ्या.

उत्तर लिहिताना हाच क्रम ठेवा. आधी पेशंटला काय जमत नव्हतं ते टेस्टच्या नावासकट, मग काय जमत होतं, मग इजा कुठे आणि कशी कळली, मग यावरून काय म्हणता येतं, आणि शेवटी दुसरं कुठलं स्पष्टीकरण शक्य आहे आणि ते का टिकतं किंवा का टिकत नाही. 'हिप्पोकॅम्पसचे कार्य लिहा' असा कोरडा प्रश्न आला तरी याच क्रमाने एच. एम. मांडा आणि त्याच्या शेजारी के. एफ. ठेवा, मग हिप्पोकॅम्पसवर यायला दोन ओळी पुरतात.